मोजणे हेही कामच आहे, त्याची मजुरी द्या

जुन्या मोटारगाडीचे इंजिन वरच्या बाजूने खडखड करू लागले की मालक गॅरेजात येतो आणि सांगतो, "टॅपेटचा आवाज येतोय, तेवढा काढून द्या." मिस्त्री पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतो, आठही स्क्रू थोडे थोडे आवळतो आणि आवाज बंद होतो. मालक किरकोळ पैसे देतो आणि समाधानाने निघून जातो. काम झाले असे सर्वांनाच वाटते. आमचे म्हणणे असे आहे की पुष्कळ वेळा काम झालेलेच नसते, उलट इंजिनाच्या नुकसानीला तेथूनच सुरुवात होते. यात मिस्त्रीला दोष देऊन चालणार नाही. इंजिन वाचते ते झीज मोजल्यामुळे, आणि मोजण्याच्या कामाची मजुरी आपल्याकडे सहसा कोणी देत नाही.

रेल्वे कामगारांच्या युनियनने मोटारगाडीवर लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की इंजिन मोटारीचे असो वा रेल्वेचे, व्हॉल्व्ह उघडण्याची जुनी रचना एकच आहे. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ज्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनांची बांधणी सुरू झाली, त्यांत १६ सिलिंडर आणि प्रत्येकाला ४ असे एकूण ६४ व्हॉल्व्ह होते. कॅमशाफ्ट, पुशरॉड, रॉकर ही सारी मंडळी तेथेही होतीच, फक्त आकाराने मोठी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या शेडमध्ये अ‍ॅक्ट अप्रेंटिस म्हणून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक मुलांना रेल्वेत कायम नोकरी मिळत नाही. ती मुले पोटासाठी गॅरेजात जातात. त्यांचा प्रश्न हा आमचाच प्रश्न आहे.

नेमके काय झिजते?

उदाहरणासाठी अ‍ॅम्बॅसॅडर घेऊ. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे ही गाडी मे २०१४ पर्यंत तयार होत होती आणि सरकारी कचेरीपासून हावडा स्टेशनबाहेरच्या पिवळ्या टॅक्सीपर्यंत सगळीकडे तिचा संचार होता. तिचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्हचे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. त्यावर टॅपेट टेकतो, टॅपेटवर पुशरॉड उभा राहतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. स्प्रिंग व्हॉल्व्हला परत जागेवर आणते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह १,५०० वेळा उघडतो आणि मिटतो. म्हणजे तासाला ९०,००० वेळा. धातू धातूवर इतक्या वेळा आपटल्यावर झीज होणारच. ती कोठे झाली, किती झाली आणि ती चालण्यासारखी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याइतक्या रुंदीचा खड्डा पडतो. ज्या शाफ्टवर रॉकर हलतो तो शाफ्ट खालच्या अंगाने झिजतो. हात फिरवला तर पायरीसारखी कड लागते. शाफ्ट आतून पोकळ असतो आणि त्यातूनच रॉकरला तेल मिळते. त्याची भोके गाळाने बुजली की झीज दुप्पट वेगाने होते. पुशरॉड वाकतो, तो सपाट काचेवर लोटला की वाकलेला लगेच कळतो. टॅपेटचा तळ कॅमवर फिरत राहायला हवा. तो फिरायचा थांबला की तळाला खाचा पडतात आणि कॅमचे उंचवटे खाल्ले जातात. व्हॉल्व्हचे गाइड सैल झाले की तेल खाली उतरून जळते आणि गाडी सुरू करताना किंवा उतारावरून येताना मागून निळा धूर निघतो. स्प्रिंगची उंची कमी होते. यांतले एकही दुखणे नुसत्या कानाने ओळखून त्याचा इलाज ठरवता येत नाही.

फीलर गेजची गोष्ट पाहा. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट मोजण्याचे ते साधन. परंतु रॉकरला खड्डा पडला असेल तर गेजची सपाट पट्टी खड्ड्याच्या दोन कडांवर टेकते. गेज सांगते फट बरोबर आहे, प्रत्यक्षात ती जास्त असते. मिस्त्री म्हणतो सेटिंग केले, मालक म्हणतो आवाज आहेच, आणि मग मिस्त्री गेज बाजूला ठेवून कानाने स्क्रू आवळत जातो. आवाज सैल गाइडचा असो, झिजलेल्या शाफ्टचा असो की खाल्लेल्या कॅमचा, इलाज मात्र स्क्रूवर होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आवाज गेला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे

ही गोष्ट आमच्या वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. फट जास्त असली तर इंजिन आवाज करते, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, गाडीला पिकअप राहत नाही. त्रास होतो, पण इंजिन बोलून दाखवते. फट कमी असली तर इंजिन गप्प बसते. व्हॉल्व्ह गरम होऊन लांबीने वाढतो, त्याला वाढायला जागाच नसते, म्हणून तो आपल्या सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच बाहेर टाकतो. तो टेकला नाही की जळलेला वायू त्या बारीक फटीतून भडकत बाहेर पडतो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो. काही महिन्यांनी एक सिलिंडर मिसिंग करू लागतो, हेड उतरवावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. खडखडणाऱ्या इंजिनापेक्षा गप्प झालेल्या इंजिनाची काळजी अधिक केली पाहिजे.

या गप्प दुखण्याला आपल्या देशात एक कारण आणखी मिळाले. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. ते आरोग्याला घातक होते, लहान मुलांना तर फारच घातक. म्हणून १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखा काम करीत असे. अ‍ॅम्बॅसॅडरच्या त्या जुन्या हेडमध्ये सीट बिडाच्या धातूतच कापलेली होती, वेगळी कडक कडी बसवलेली नव्हती. उशी गेल्यावर, विशेषतः लांब पल्ल्याला भरधाव चालणाऱ्या गाड्यांत, व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतू लागला. व्हॉल्व्ह रुतला की त्याचा दांडा वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे आवाज न होता! जो मिस्त्री वरचेवर फट मोजून "दर वेळी हिचीच फट कमी होते" असे लिहून ठेवतो, त्यालाच हे वेळेवर कळते. मग हेड मशीन शॉपला देऊन कडक धातूची सीट बसवली की इंजिनाला पुढे कित्येक वर्षांची निश्चिंती मिळते. कानाने काम करणाऱ्याला हे कळते ते व्हॉल्व्ह जळाल्यावर.

एक बदलले की दुसरे बघा

सुटे भाग बदलतानाही नुसते दुकानातून आणून बसवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट बसवले तर ते लवकर खराब होतात. नव्या कॅमवर जुने टॅपेट तर कधीच बसवू नयेत. ते नव्या कॅमलाच खाऊन टाकतात. जुनेच टॅपेट परत घालायचे असतील तर ज्याचे त्याच भोकात गेले पाहिजे, म्हणून काढतानाच नंबर टाकावे लागतात. सैल गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह घातला तर तो डुलत राहतो आणि नवी घासलेली सीटही बिघडवतो. आधी गाइड, मग त्याला धरून सीट, मग व्हॉल्व्ह, हा क्रम आहे. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर त्याला जाड वंगण लावावे लागते आणि इंजिन सुरू होताच सुमारे २० मिनिटे २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे लागते. ते मंद गतीवर गुरगुरत ठेवले तर कॅमला पुरेसे तेल उडत नाही. नव्या गाड्यांसाठी निघालेल्या अनेक ऑइलांत जस्त आणि फॉस्फरसचे झीज रोखणारे द्रव्य पूर्वीपेक्षा कमी असते, तेव्हा जुन्या इंजिनाला कोणते ऑइल घालायचे हेही पाहावे लागते.

अ‍ॅम्बॅसॅडरच्या याच इंजिनात एक खोच आहे. रॉकर शाफ्टचे स्टँड ज्या स्टडांनी आवळलेले असतात त्यांतले काही स्टड हेडचेही असतात. रेडिएटरचे पाणी न काढता आणि हेडचे सगळे नट क्रमाने सैल न करता नुसता रॉकर शाफ्ट काढला तर हेडला पीळ बसतो आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरू शकते. वरून अर्ध्या तासाचे दिसणारे काम प्रत्यक्षात किती तासांचे आहे, हे यावरून कळावे.

फट जुळवण्याची कामगारांची एक सोपी युक्तीही येथे सांगितली पाहिजे. आठ व्हॉल्व्हना पुढून १ ते ८ नंबर द्यावेत. ८ नंबरचा पूर्ण उघडा असेल तेव्हा १ नंबरची फट बघावी, ६ उघडा तेव्हा ३ ची, ७ उघडा तेव्हा २ ची. बेरीज नेहमी ९. ज्याला चार इयत्ताही पुऱ्या करता आल्या नाहीत असा मिस्त्रीसुद्धा हे गणित तोंडपाठ म्हणतो. अशा माणसाला अकुशल म्हणणारे खाते आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करणारा गिऱ्हाईक, दोघांनीही एकदा हे करून पाहावे.

शेडमध्ये काय होते, गॅरेजात का होत नाही?

आमच्या डिझेल शेडमध्ये ठरलेल्या मुदतीला रॉकरची झाकणे उघडून फट बघितली जाते. हेड उतरले की व्हॉल्व्हचा दांडा मायक्रोमीटरने आणि गाइड आतून गेजने मोजतात, स्प्रिंग तपासतात, तडा शोधतात. प्रत्येक भागाचे नवे माप आणि टाकून देण्याची हद्द ठरलेली असते. हद्दीच्या आत असेल तो भाग परत जातो, हद्द ओलांडली की कंडेम. फिटर माप लिहितो आणि चार्जमन, ज्याला आता ज्युनियर इंजिनियर म्हणतात, सही करतो. १९६० च्या दशकातल्या आराखड्याची ती इंजिने पुढे कित्येक दशके देशभर गाड्या ओढत राहिली, त्याचे श्रेय या मापांच्या वहीला आणि ती भरणाऱ्या हातांना आहे. तेथे फिटरला पगार महिन्याचा मिळतो, मोजण्यात गेलेला तास त्याच्या पोटावर येत नाही. म्हणून तो मोजतो.

गॅरेजात उलट आहे. तेथे पैसा पार्टवर मिळतो. रॉकर, शाफ्ट, टॅपेट सारे उतरवून, धुऊन, मोजून मिस्त्रीने सांगितले की "साहेब, आठातले दोनच रॉकर बदला, बाकी चांगले आहेत," तर त्याला दोन रॉकरची मजुरी मिळते. न मोजता आठही बदलले तर आठांची मिळते आणि दुकानदाराकडून वर काही सुटते. प्रामाणिकपणाचा दंड आणि अंदाजाला बक्षीस अशी ही व्यवस्था आहे. पुन्हा नवा भाग म्हणजे बरोबर भाग असेही नाही. दिल्लीचे कश्मीरी गेट, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट किंवा आमचे कुर्ला, जुन्या गाड्यांचे भाग जेथे मिळतात तेथे अस्सल, नक्कल आणि जुने घासूनपुसून चकचकीत केलेले असे सगळेच शेजारी शेजारी असते. नवा भागही मोजूनच घ्यावा लागतो. त्या मोजण्याचेही पैसे नाहीत!

आता ही गॅरेजची रीत शेडच्या फाटकातून आत येऊ पाहत आहे, हा आमचा खरा काळजीचा मुद्दा आहे. जेथे जेथे काम नगावर कंत्राटाने दिले जाते आणि दर "प्रति हेड" ठरतो, तेथे मोजण्याचा वेळ हा कंत्राटदाराच्या दृष्टीने तोटा असतो. तो आपल्या कामगाराला मोजू देणार नाही, आणि वही मात्र भरलेली दिसेल. डिझेलची जागा विजेची इंजिने घेत आहेत, अनेक शेडांत आता विजेचीच इंजिने उभी असतात, हे खरे आहे. परंतु मोजण्याचे काम त्यामुळे संपत नाही. चाकाची जाडी, बेअरिंगची फट, ब्रेकचा ब्लॉक हे मोजावेच लागते. तेथे अंदाजाने काम झाले तर व्हॉल्व्ह जळून भागत नाही, माणसे मरतात.

वय मोजावे की झीज?

जुन्या गाड्यांबद्दल सरकारचे धोरण मुख्यतः वर्षांवर चालते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कलकत्त्यात व्यावसायिक वाहनांना १५ वर्षांची मर्यादा आल्यामुळे पिवळ्या अ‍ॅम्बॅसॅडर कमी कमी होत गेल्या. आम्ही येथे भावनेच्या आहारी जाणार नाही. जुने इंजिन कितीही चांगले दुरुस्त केले तरी नव्या इंजिनाइतके स्वच्छ होत नाही, आणि धूर पहिल्यांदा जातो तो रस्त्यावर काम करणाऱ्या गरिबाच्या छातीत. परंतु एक विचारतो. आठ वर्षांची, न मोजता चालवलेली, निळा धूर सोडणारी गाडी पास होते आणि सोळा वर्षांची नीट राखलेली गाडी भंगारात जाते, हा न्याय आहे काय? वर्षे मोजणे सोपे आहे, त्याला कामगार लागत नाही, कॅलेंडर पुरते. झीज मोजायला शिकलेला माणूस लागतो. म्हणूनच सरकारला वर्षे मोजणे परवडते.

आणि हा शिकलेला माणूस कायद्याच्या कोठल्या चौकटीत बसतो? तीन-चार माणसांच्या गॅरेजला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पूर्णपणे लागू होत नाही, कारण त्याला कामगारांची ठरावीक किमान संख्या लागते. ईएसआयलाही सर्वसाधारणपणे १० लागतात आणि प्रॉव्हिडंट फंडाला २०. म्हणजे तेलाने काळे झालेले हात, पन्नाशीत गेलेले डोळे आणि गुडघे, आणि पाठीशी काहीही नाही. हाताखालचा पोऱ्या तर कोणाच्या हिशेबातच नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत बंद आहे, तरी कोठल्याही गॅरेजांच्या गल्लीत जाऊन पाहावे.

आमच्या मागण्या

पहिली, गॅरेजच्या बिलात तपासणी आणि मापणीची मजुरी ही वेगळी ओळ असावी. भाग बदलला नाही तरी ती मिळालीच पाहिजे.

दुसरी, बदललेल्या आणि न बदललेल्या प्रत्येक भागाचे माप लिहिलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाला मिळावी आणि तिच्यावर मोजणाऱ्या मिस्त्रीचे नाव असावे. फसवणूक थांबेल आणि कारागिराचे नावही होईल.

तिसरी, अनुभवी मिस्त्रींची परीक्षा त्यांच्या हातातल्या कामावर, त्यांच्या भाषेत घ्यावी, त्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून द्यावी आणि प्रमाणपत्रावर त्यांना मजुरीचा वरचा दर मिळावा.

चौथी, रेल्वेत नगावरच्या कंत्राटात मापणीचे पैसे वेगळे धरावेत आणि मापांची वही रेल्वेच्या कायम कामगाराच्या हातातच राहावी.

मागण्या सरकारकडे आणि मालकाकडे आहेत, परंतु थोडे काम आपलेही आहे. आपल्या फेडरेशनच्या प्रत्येक शाखेने स्टेशनाच्या आसपासच्या गॅरेज कामगारांची यादी करावी. १६ ते ५९ वयाच्या ज्यांना पीएफ-ईएसआय नाही आणि जे आयकर भरत नाहीत, त्यांची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून द्यावी. हे पोर्टल ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. एकट्या मिस्त्रीला मायक्रोमीटर, डायल गेज आणि सीट कापण्याची हत्यारे परवडत नाहीत. दहा गॅरेजांनी मिळून ती घेतली, युनियनच्या कचेरीत एक कपाट दिले आणि आमचा एखादा निवृत्त फिटर आठवड्यातून दोन दिवस तेथे बसला, तर हे अवघड नाही.

आमच्या सभासदांना शेवटी एवढेच सांगणे आहे. आपण स्वतः पगारवाढीसाठी भांडतो आणि स्कूटर किंवा जुनी गाडी घेऊन गॅरेजात गेलो की "नुसते बघायचे कसले पैसे?" असे विचारतो. पुढच्या वेळी हा प्रश्न विचारू नये. बघायचे, मोजायचे आणि "हा भाग अजून चांगला आहे" असे सांगायचे पैसे द्यावेत.